आधी फोन करायचा

९ जानेवारी

गुंड्या,

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेही कामासाठी. तेव्हा पाघळू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

वरच्या कोर्टात सरकारवरच्या आपल्या दाव्याची सुनावणी लागली आहे. मी ‘आपल्या’ लिहिलं, तू ‘तुझ्या’ वाच, मला चालेल. खालच्या कोर्टानं काय म्हटलं होतं ते तुला माहीत आहे. आपल्या धाकटीचा खून तिच्या नवऱ्यानं केला, त्याला जन्मठेप झाली, न्याय झाला, सरकारचा इथे काय संबंध? मी म्हणते, संबंध आहे. मरण्याआधी ती पोलीस ठाण्यात एकदा नाही, पुन्हापुन्हा गेली होती. शेवटच्या दिवशी तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. तुझ्या साहेबांनी तक्रार ऐकली, धीर दिला, आणि ‘तुम्ही ताईंच्या दुकानावर जाऊन बसा, मी बघतो’ असं सांगून तिला माझ्याकडे पाठवलं. दुकानात गर्दी होती, म्हणून मी तिला वरच्या खोलीत जायला सांगितलं. तोवर साहेबांनी तिच्या नवऱ्याला फोन केला होता. ‘जरा येऊन जा. घरातलीच गोष्ट आहे, चहा घेऊ, मिटवून टाकू. काळजी करू नका, बाई त्यांच्या बहिणीच्या दुकानावर आहेत.’

तो ठाण्यावर गेलाच नाही. आमच्या मागच्या जिन्यानं वर गेला. साहेब तिकडे त्याच्यासाठी चहा मागवून वाट बघत बसले होते. हे त्यांनीच खुनाच्या खटल्यात साक्षीला उभं राहून सांगितलं. तू माझ्या शेजारी बसला होतास. तेव्हा अजून बसत होतास; मी सरकारवर दावा लावला तेव्हापासून नाही.

आता सरकारनं नवा पवित्रा घेतला आहे. फोन झाला हे मान्य. पण तो साहेबांनी ओळखीखातर, भिडेखातर केला. ती एका माणसाची चूक. खात्याची तशी पद्धत नव्हती. साहेब तर दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांना उलट विचारणार कोण?

तू फौजदार म्हणून निवृत्त झालास. साहेबांच्या हाताखाली शिकलास. पद्धत होती की नव्हती, एवढंच कोर्टात येऊन सांगायचं आहे. वकीलबाई म्हणाल्या समन्स काढू. मी म्हटलं आधी विचारते. ओढून आणलेला साक्षीदार ओढून आणल्यासारखाच बोलतो.

बाकी आम्ही मजेत. औषधांचं दुकान चालू आहे. धाकटीची वाटाणा आता इतकी उंच झाली आहे की वरच्या फळीवरचे खोके मला तिच्याकडूनच काढून घ्यावे लागतात. तिनं जमीन-मोजणीच्या कोर्सला नाव घातलं आहे. तिच्या आईचं नाक तिला आलं आहे, आणि स्वभाव माझा. म्हणजे लग्नाचं अवघड आहे.

ताई


२७ जानेवारी

गुंड्या,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनंतर एक ओळ, तीही अशी: ‘मेलेल्या माणसावर मी चिखल उडवणार नाही.’ अक्षर मात्र सुधारलं आहे.

मेलेलं माणूस म्हणजे कोण, हे लिहायला विसरलास. आपल्याकडे दोन आहेत.

गेल्या मंगळवारी माझी साक्ष झाली. वरच्या कोर्टानं काही साक्षी नव्यानं घ्यायचं ठरवलं आहे. सरकारी वकील तरणाबांड आहे, केस चप्प बसवलेले, बोलायला गोड. मला म्हणाला, “बाई, आपलं दुकान उत्तम चाललं आहे?”

“चाललं आहे.”

“भाचीचं शिक्षण चालू आहे. प्रकृती ठीक. म्हणजे आपण सुखात आहात असं म्हणायला हरकत नाही?”

“अजिबात नाही. पण त्यात सरकारचा काही हात नाही.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं हसू लपवत होते. वकीलबाईंनी मात्र बाहेर आल्यावर मला झापलं. म्हणाल्या, “ताई, तुम्ही थोडं तरी दुःखी दिसायला हवं.” मी म्हटलं, ते मला जमणार नाही. दुःख मी घरात करते, तेही माझ्या सवडीनं.

तुला खरं सांगू का, मी सुखात आहे हे लोकांना अजून सहन होत नाही. कोपऱ्यावरची घड्याळवाल्याची बायको दरवेळी मान तिरकी करून विचारते, “कशा आहात हो?” मी “ठणठणीत” म्हटलं की तिचा चेहरा पडतो. ज्या घरात असं झालं तिथे हसण्याचा आवाज आला की त्यांना चुकल्यासारखं होतं. वाटाणा तर मुद्दाम दारात उभी राहून हसते. पोरगी आठ वर्षांची असताना माझ्याकडे आली, तेव्हा मला भात सोडून काही करता येत नव्हतं आणि तिला वेणी घालता येत नव्हती. दोघी शिकलो. या अकरा वर्षांतले बरेचसे दिवस चांगले गेले. मी उगाच कशाला नाकारू?

चांगले दिवस गेले म्हणून हिशेब मिटला असं मात्र नाही.

चिखलाचं म्हणशील, तर तू कागद नीट वाचलेले नाहीस. साहेबांवर चिखल मी उडवत नाही. सरकार उडवतं आहे.

ताई


१५ फेब्रुवारी

गुंड्या,

उत्तर आलं नाही. ठीक. मी लिहिते, तू वाचतोस हे तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं. वाचून झालं की बागेत जाऊन झाडं छाटतोस म्हणाली. झाडांची काळजी घे, त्यांचा काही दोष नाही.

साहेबांच्या बायकोला तू ओळखतोस. रक्तदाबाच्या गोळ्या ती माझ्याकडूनच नेते. अकरा वर्षांपूर्वी खटला चालू असताना तिनं दुकान बदललं होतं, चार महिन्यांत परत आली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. गोळ्या दिल्या, उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत म्हणून दटावलं. तेव्हापासून आमचं एवढंच बोलणं. परवा मात्र दुकानात कोणी नव्हतं आणि ती काउंटरला टेकून उभीच राहिली.

“तुमच्या दाव्यात ह्यांचं नाव घेतात म्हणे.”

“सरकार घेतं. एकट्या त्यांची चूक म्हणतं.”

“एकट्यांची?” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मी दाराकडे बघितलं. “अहो, माझ्या देखत करायचे फोन! जेवताजेवता करायचे. ‘साहेब, तुमच्या मंडळी आल्या होत्या, घेऊन जा.’ मी म्हणायचे, त्या बाईला विचारलंत का जायचंय का ते? तर म्हणायचे, तुला कळत नाही. चांगल्या घरातल्या माणसाच्या दारात गाडी उभी करायची नसते, आधी फोन करायचा असतो. हे काय त्यांच्या डोक्यातून निघालं? त्यांना ह्यांच्या साहेबांनी शिकवलं. आणि ह्यांनी तुमच्या भावाला.”

“हे कोर्टात सांगाल?”

“सांगेन की. पण माझं ऐकणार कोण? बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, असंच म्हणतील. आणि खात्यातलं मला काय ठाऊक? मी ताटावर बसलेली.” मग गोळ्या पिशवीत टाकताना म्हणाली, “तुमच्या बहिणीनंतर ते चहा प्यायचे नाहीत. शेवटपर्यंत प्यायले नाहीत. याची मी कोणाकडे फिर्याद करू?”

 खुर्ची दिली. बसली थोडा वेळ. वाटाणा आली, तिनं ओळखलं नाही, गार पाणी आणून दिलं. ती गेल्यावर वाटाणानं विचारलं, “मावशी, कोण गं त्या?” मी सांगितलं. पोरीनं पेला उचलून दोनदा घासला. नंतर म्हणाली, “त्यांचं काही चुकलं नाही ना? मग मी पेला का घासतेय?” आणि पुन्हा जाग्यावर ठेवला.

आता तुझं. तू नेहमी म्हणायचास, साहेब तुला बापासारखे. मान्य. तू गप्प बसलास तर निकालात असं लिहिलं जाईल की अख्ख्या खात्यात फक्त तुझे साहेबच बेजबाबदार होते. बाकी सगळे स्वच्छ. खातं हात झटकणार आणि तुझे साहेब एकटे जन्मभर, नव्हे मेल्यावरही, धाकटीचं ओझं वाहणार. ते तुला चालतं का? खरंच विचारते.

ताई


६ मार्च

गुंड्या,

काल फोनवर तू ओरडलास, मी ओरडले, आणि दोघांपैकी आधी फोन कोणी ठेवला ते मला आठवत नाही. म्हणून लिहिते. कागदावर आपण दोघं बरे वागतो.

तू जे बोललास ते सगळं मी ऐकलं. मध्येमध्ये तोडत होते म्हणून ऐकलं नाही असं समजू नकोस. ‘ताई, मी असे किती फोन केले ते मला आठवत नाही,’ असं म्हणालास. मग म्हणालास, ‘कोर्टात पद्धत होती म्हणायचं म्हणजे मी केले म्हणायचं. आणि मी केले म्हटलं, की त्यातल्या कुठल्या बाईचं पुढे काय झालं हे विचारतील. मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.’

म्हणजे सहा वर्षं तू माझ्यावर रागावला नव्हतास. मूर्खा, हे आधी सांगायचंस. मी सहा वर्षं तुझ्या रागाला उत्तरं तयार करत बसले. रात्री कुशीवर वळून एकेक वाक्य धार लावून ठेवलं. सगळं वाया.

तू विचारलंस, ‘तू मला माफ करशील का?’  त्यावर मी काही लिहीत नाही. ते माझ्याकडे मागायचंच नाही, कारण त्या बायका मी नाही. मी औषधं विकणारी बाई. एवढंच कळतं की एखाद्या गोळीनं एकाला त्रास झाला तर माणसाची प्रकृती बघायची आणि खूप जणांना झाला तर गोळी तपासायची. तू गोळीबद्दल सांग. तुझी प्रकृती नंतर बघू.

आणि तू म्हणालास की माणसाच्या गुन्ह्याला सरकार काय करणार, सरकार काही घरोघरी पहारा ठेवू शकत नाही. पहारा मागितलाच नव्हता रे. ती स्वतः चालत गेली होती. घर सोडून, मुलीला शाळेत पोचवून, दुखरा गळा घेऊन तुमच्या दारात गेली. तिनं तिच्या वाटचं सगळं केलं. सरकारनं फक्त ती कुठे आहे ते सांगायचं नव्हतं.

तू ये किंवा येऊ नकोस. समन्स काढू नका असं मी वकीलबाईंना सांगितलं आहे. त्या माझ्यावर भडकल्या आहेत. भडकू देत.

ताई

ता. क. वाटाणानं फोनवरचं माझं सगळं बोलणं ऐकलं. जिन्यात बसून ऐकत होती, त्याच जिन्यात. मला म्हणाली, “मामा रडत होता का?” मी म्हटलं, सर्दी झाली असेल.


२१ एप्रिल

गुंड्या,

तू साक्ष देऊन थेट बसस्थानकावर गेलास. मी बाहेर येईपर्यंत तू नव्हतास. आठवडाभर मला याचा राग होता, आता नाही. घरी आला असतास तर मी काय बोलले असते कोण जाणे.

तुला पाठीमागून बघितलं. किती वाळला आहेस! शर्टाची कॉलर मानेभोवती फिरत होती. झाडं छाटतोस तसं स्वतःलाही छाटलंस की काय?

न्यायाधीशांनी विचारलं, “आधी फोन करायचा, हे कुठे लिहिलेलं होतं?” तू म्हणालास, “कुठेच नाही. लिहावं लागत नव्हतं.” सरकारी वकील उठून उभाच राहिला. “मग ही खात्याची पद्धत कशावरून?” तेव्हा तू पहिल्यांदा मान वर केलीस. “चोरीच्या तक्रारीत मी चोराला कधी फोन केला नाही, साहेब. मारामारीत केला नाही. दारू गाळणाऱ्याला केला नाही. फक्त नवऱ्यांना केला. आमच्यात सगळेच करत होते. मला माझ्या साहेबांनी शिकवलं आणि मी पुढच्यांना शिकवलं. त्यातले काही आज मोठ्या खुर्चीवर आहेत.”

वकील म्हणाला, “म्हणजे आपणही कर्तव्यात कसूर केली, असं आपलं म्हणणं आहे?”

“हो,” म्हणालास. “तेच सांगायला आलोय.”

साहेबांची बायको मागच्या बाकावर होती, तुला दिसली नसेल. तिनं दोन्ही हातांनी समोरच्या बाकाची कड घट्ट धरली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान हलवली. एवढंच.

वाटाणाचं सांगते, कारण तू तेच वाचायला थांबला असशील. ती खूश आहे असं लिहिणार नाही. घरी येताना म्हणाली, “खरं बोलला म्हणून मी आता त्याच्या गळ्यात पडायचं का?” मी म्हटलं, बिलकूल नाही. “मग काय करायचं?” मी म्हटलं, मला माहीत नाही, मी पण पहिल्यांदाच करतेय. मग म्हणाली, “त्याची कॉलर किती सैल होती गं.” जे मला दिसलं तेच तिला दिसलं.

ताई


३० जून

गुंड्या,

निकाल लागला. पेपरात आला आहे, पण पेपरवाल्यांनी घोळ घातला आहे, म्हणून मी सांगते.

कोर्टानं म्हटलं आहे की खुनी पकडून शिक्षा करणं हे सरकारचं अर्धंच काम. बाई जीव वाचवायला दारात आली आणि धोका डोळ्यांसमोर होता, तर तो टाळायचा प्रयत्न करणं हेही त्याचंच काम. ते न करता उलट तिचा ठावठिकाणा सांगितला गेला आणि तसं करायची खात्यात सर्रास रीत होती. म्हणून धाकटीच्या मृत्यूला सरकारही जबाबदार आहे. ‘एका अधिकाऱ्याची चूक’ हे म्हणणं तुझ्या साक्षीचा उल्लेख करून फेटाळलं आहे. साहेबांचं नाव अख्ख्या निकालात एकदाच येतं, तेही इतर अधिकाऱ्यांच्या बरोबरीनं. मी त्यांच्या बायकोला ते पान वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

पुढे हुकूमही आहेत. अशा तक्रारीत नवऱ्याला फोन करायचा नाही. बाई कुठे आहे ते कोणालाही सांगायचं नाही. आधी तिला सुरक्षित ठेवायचं, मग माणूस उचलायचा. प्रत्येक ठाण्यात हे शिकवायचं, आणि शिकवलं की नाही ते वर्षभरानं कोर्टाला दाखवायचं.

तुला शिकवायला बोलावलं आहे, हे मला तुझ्या बायकोनं सांगितलं. तू नको म्हणालास, हेही तिनंच सांगितलं. का रे? ‘मी कुठल्या तोंडानं शिकवू?’ असं म्हणालास म्हणे. याच तोंडानं शिकव, दुसरं आहे कुठे तुझ्याकडे? उलटं शिकवायला तीस वर्षं लाज वाटली नाही, आता सुलट शिकवायला वाटते होय? जा मुकाट्यानं. चांगला इस्त्रीचा शर्ट घाल. मापाचा.

निकालाच्या दिवशी आम्ही काय केलं विचारशील. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, वाटाणाच्या बरोबर नदीकाठच्या मैदानावर गेले. तिचं ते मोजणीचं तिकाटणं, ती दुर्बीण. मला दूर काठी धरून उभं केलं आणि ‘मावशी, सरळ! अगदी सरळ! वाकू नको!’ असं भर उन्हात ओरडत राहिली. मी आयुष्यभर लोकांना सरळ उभं करत आले, त्याचा पोरीनं सूड घेतला. घरी येताना दोघी थोड्या रडलो. मग भूक लागली.

ताई


१२ ऑगस्ट

गुंड्या,

तुझ्या वर्गांची हकिकत वाचली. एक पोरगा उठून ‘पण सर, घर मोडलं तर?’ म्हणाला आणि तू त्याला धाकटीचा फोटो दाखवलास, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. संध्याकाळी पुन्हा घेतलं. बरं केलंस.

आता इकडचं ऐक. आमच्या समोर पडदे शिवणारी एक बाई राहते. गेल्या आठवड्यात दुकानात आली, चिकटपट्टी हवी म्हणाली. ओठ फुटलेला. मी विचारलं तर दाराला आपटले म्हणाली. मी म्हटलं, “मी औषधवाली आहे, मला दार आणि मूठ यातला फरक कळतो.” ती चिडली. पट्टी न घेताच गेली. दोन दिवसांनी परत आली, तेव्हा पट्टीनं भागण्यासारखं नव्हतं. म्हणाली, “चला.” मी दुकानाची पाटी ‘बंद’ अशी फिरवली आणि गेले.

गुंड्या, त्या ठाण्याच्या पायऱ्या मी अकरा वर्षांत चढले नव्हते. पहिल्याच पायरीवर मी थांबले. त्या बाईला वाटलं मला चक्कर आली, तिनंच मला धरलं. चांगली शोभा.

आत एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. कुठे राहणार आहात, विचारलं, आणि पडदेवाली तोंड उघडणार तोच म्हणाली, “इथे नको, आत या, मला एकटीला सांगा.” दोघी आत गेल्या. बाहेर टेबलाशी एक जुना हवालदार होता, निवृत्तीला आलेला. तो मला ओळखत नव्हता. त्या बाहेर आल्या तसा सवयीनं, अगदी चांगल्या मनानं म्हणाला, “मॅडम, मिस्टरांना फोन लावू?”

मी खुर्चीतून अर्धी उठले.

“नाही काका,” ती म्हणाली. “फोन लावायचा नाही. गाडी काढा.”

त्यानं लगेच हात मागे घेतला. “हो हो, विसरलोच,” म्हणाला आणि किल्ली घ्यायला उठला. कोणी आवाज चढवला नाही. कोणाला काही विशेष वाटलंही नाही, मी सोडून.

नवऱ्याला त्यांनी कामावरून उचललं. तो आत आहे, खटला होईल. पडदेवाली आता कुठे राहते ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही.

काल मात्र ती खोकल्याचं औषध घ्यायला आली. रांग होती. तिचा नंबर आल्यावर मी डॉक्टरची चिठ्ठी मागितली, तर भडकलीच. “साधं खोकल्याचं औषध, त्याला चिठ्ठी कशाला? तुमच्या दुकानात माणसाला उभं राहायला जागा नाही, आणि तुम्ही बोलता ती खेकसून! कोण येईल इथे?” मी म्हटलं, “तुम्ही आलात ना?” म्हणाली, “पुढच्या वेळी नाही येणार!” आणि चिठ्ठी न लागणारी बाटली घेऊन, सगळ्या रांगेदेखत मला नावं ठेवत गेली. रस्त्यात कोणाच्या तरी सायकलीला अडखळली, त्यालाही दोन शब्द ऐकवले. माझ्याबद्दल असं गिऱ्हाईक नेहमीच बोलतं. काल मी दारापर्यंत जाऊन ऐकलं. आवाज चांगला खणखणीत आहे तिचा.

तू पुढच्या महिन्यात ये. वाटाणाला विचारलं. म्हणाली, “येऊ दे, पण लाडात यायचं नाही आणि माझं दप्तर उचलायला जायचं नाही.” वरच्या खोलीत झोपायची तुझी तयारी नसेल तर खाली दुकानात पथारी घालू. वरच्या खोलीत आता वाटाणाच अभ्यास करते, खिडकी मोठी करून घेतली आहे, उजेड चांगला येतो.

बाकी इकडे काही घडलेलं नाही.

ताई